गिरणगावाची जमीन आणि नियम क्रमांक ५८

गिरणगाव का संपलं, असं लालबाग-परळच्या कुठल्याही चाळीत विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: ब्याऐंशीचा संप. १८ जानेवारी १९८२ ही तारीख इथल्या जुन्या माणसांना पाठ आहे. डॉ. दत्ता सामंतांच्या हाकेला ओ देऊन सुमारे अडीच लाख गिरणी कामगार कामावरून उतरले आणि तो संप मागे घेतल्याचं रीतसर कधी जाहीरच झालं नाही. हे उत्तर खोटं नाही, पण ते अर्धं आहे. संपात नोकऱ्या गेल्या, संसार उघड्यावर आले. मात्र गिरण्यांच्या जमिनीवर मैदान व्हायचं की मॉल, घरं बांधायची ती कुणासाठी, हे संपाने ठरवलेलं नाही. ते १९९१ ते २००६ या पंधरा वर्षांत ठरलं, कचेऱ्यांत आणि न्यायालयांत. ज्या वस्तीने शंभर वर्षं आपलं राजकारण रस्त्यावर येऊन केलं, तिच्या आयुष्यातला सर्वांत मोठा निर्णय विकास नियंत्रण नियमावलीच्या एका नियमात झाला. त्या नियमाचा क्रमांक ५८.

हे कसं झालं, ते समजायला थोडं मागे जावं लागतं.

कावसजी नानाभॉय दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईतली पहिली कापड गिरणी काढण्यासाठी कंपनी उभारली आणि ताडदेवला १८५६ मध्ये तिचं सूत निघू लागलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात कापसाचा भाव गगनाला भिडला, मुंबईत पैसा खेळू लागला आणि पुढच्या काही दशकांत गिरण्या उत्तरेकडे सरकत गेल्या. भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, शिवडी, वरळी, प्रभादेवी, दादर असा सलग पट्टा धुराड्यांनी भरला. कोकणातून बोटीने आणि घाटावरून आगगाडीने माणसं येत राहिली. गिरणीत भरती जॉबर म्हणजे मुकादमाच्या हाती होती, त्यामुळे गाववाल्याच्या ओळखीने नोकरी लागायची आणि त्याच ओळखीने खोलीत पथारी टाकायला जागा मिळायची. एका खोलीत पाळीप्रमाणे दहा-पंधरा पुरुष झोपायचे आणि दोन वेळचं जेवण खाणावळवालीकडे. पहिल्या पाळीचा भोंगा वाजला की अख्खी गल्ली जागी व्हायची.

या माणसांचं राजकीय शिक्षण शाळेत झालं नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा भरवून मागण्यांचा अर्ज तयार केला आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवली. जुलै १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा गिरण्या सहा दिवस बंद राहिल्या. दर वर्षाच्या शिक्षेमागे एक दिवस, असा तो हिशेब होता. १९२८ चा संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला. त्यातूनच लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली आणि श्रीपाद अमृत डांगे हे नाव घराघरांत पोचलं. पुढच्याच वर्षी मीरत कटाच्या खटल्यात तिचे पुढारी तुरुंगात गेले, तरी युनियन पुन्हा उभी राहिली.

ही एकजूट सगळ्यांना सामावून घेणारी होती, असं मात्र म्हणता येणार नाही. साचेखात्यात पगार जास्त, पण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, या कारणावरून अस्पृश्य कामगारांना तिथे प्रवेश नव्हता. विटाळाची ही भिंत मालकांइतकीच सवर्ण कामगारांनीही जपलेली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न १९२८ च्या संपाच्या काळातच ऐरणीवर आणला. ते स्वतः परळच्या चाळीत वर्षानुवर्षं राहिलेले. दादरला हिंदू कॉलनीत राजगृह बांधून ते तिकडे गेले, ते १९३० नंतरच्या दशकात. कामगारांच्या पुढाऱ्यांवर त्यांचा राग होता आणि तो रास्त होता.

म्हणूनच १९३८ सालची घटना मोलाची वाटते. बाळ गंगाधर खेर यांच्या सरकारने औद्योगिक कलहांचं विधेयक आणलं. तडजोडीची लांबलचक प्रक्रिया पूर्ण होण्याआधी केलेला संप बेकायदा ठरणार होता आणि असा संप करणाऱ्याला तुरुंगवास होणार होता. विधिमंडळात आंबेडकरांनी त्या विधेयकाला कडाडून विरोध केला. तिथे बहुमतापुढे काही चाललं नाही, तेव्हा ७ नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. परळच्या कामगार मैदानावर सभा झाली. इतके मतभेद असलेली माणसं एका व्यासपीठावर आली, ती पगारवाढीसाठी किंवा बोनससाठी आलेली नव्हती. ती एका कायद्याच्या कलमांसाठी आली होती. सही-अंगठ्यापुरतं शिकलेल्या हजारो माणसांना विधेयकातली बारकी अक्षरं कुणीतरी चाळीच्या जिन्यावर आणि गिरणीच्या दारावर समजावून सांगितली होती. द्वारसभा म्हणतात ती हीच. गिरणगावाच्या इतिहासात संप पुष्कळ झाले, पण नागरिक म्हणून ही वस्ती किती जागी होती, याचा सर्वांत सबळ पुरावा या एका दिवसात आहे.

विधेयक तरीही मंजूर झालं. त्या जागी १९४६ साली आलेल्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने तर एका उद्योगात एकच मान्यताप्राप्त संघटना अशी रचना पक्की केली. गिरण्यांत ती मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेली आणि कामगारांच्या मनातली संघटना वेगळी असली तरी वाटाघाटीला बसायचा अधिकार कायद्याने या संघाकडेच राहिला. ब्याऐंशीच्या संपाची एक मुख्य मागणी हा कायदा बदलण्याची होती, हे आज विसरलं जातं.

मधल्या काळात वस्तीने संयुक्त महाराष्ट्राची लढाई लढली. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला, जानेवारी १९५६ मध्ये गिरणगावातल्या गल्ल्यांत गोळ्या चालल्या. शंभराहून अधिक माणसं गेली, त्यांत गिरणी कामगार आणि त्यांची तरुण मुलं होती. शाहीर अमर शेख आणि अण्णाभाऊ साठे यांचे आवाज नरे पार्कपासून शिवाजी पार्कपर्यंत घुमले. १९५७ च्या निवडणुकीत मध्य मुंबईतून डांगे लोकसभेवर गेले आणि १ मे १९६० ला राज्य मिळालं. १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली. ५ जून १९७० रोजी परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला आणि त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत वामनराव महाडिक निवडून आले. लालबाग-परळचं राजकारण तिथे वळलं. आधी पगाराचा प्रश्न, मग भाषेचा आणि राज्याचा, मग भूमिपुत्राच्या नोकरीचा. तिन्ही प्रश्न खरे होते आणि तिन्हींसाठी माणसांनी रक्त सांडलं. पण पायाखालची जमीन कुणाची, हा प्रश्न त्या सगळ्या वर्षांत कुठल्याच झेंड्याखाली आला नाही. गिरणी होती तोवर तो सुचण्याचं कारण नव्हतं.

खरं तर तो सुचायला हवा होता, कारण गिरणगावात सार्वजनिक हेतूने जमीन वापरण्याची परंपरा जुनी होती. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने चाळी बांधल्या. १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत विकास खातं, म्हणजे बीडीडी, निघालं. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी इथे बीडीडीच्या मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्याच्या टोकाला. सुखाची घरं नव्हती ती, पण कामगाराने शहरात राहावं ही सरकारची जबाबदारी आहे, एवढं त्यात मान्य केलेलं होतं. लोअर परळच्या सेंच्युरी मिललाही कामगारांच्या खोल्यांसाठी १९२७ मध्ये अठ्ठावीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने जमीन मिळाली होती. मुदत १९५५ मध्ये संपली, मालकी कुणाची हा वाद पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जानेवारी २०२५ मध्ये निकाल महापालिकेच्या बाजूने लागला. मुदत संपल्यानंतर सत्तर वर्षांनी.

ब्याऐंशीच्या संपाचे दिवस या वस्तीने कसे काढले, त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. माणसं गावी शेतावर गेली. इथे राहिलेल्यांत बायकांनी खाणावळी चालवल्या, शिवणकाम घेतलं, भाजी विकली, भांडी घासली. १९८३ मध्ये केंद्र सरकारने मुंबईतल्या १३ गिरण्यांचा कारभार आपल्याकडे घेतला. त्या पुढे राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे आल्या. काही गिरण्या निम्म्या कामगारांनिशी सुरू झाल्या आणि धापा टाकत चालल्या. बदली कामगारांना तर कुणी परत बोलावलंच नाही. दरम्यान शहर उत्तरेला पसरलं होतं आणि दोन्ही रेल्वेमार्गांच्या मधोमध असलेल्या गिरण्यांच्या जागेचा भाव कापडाच्या नफ्याच्या कितीतरी पुढे गेला होता. सुमारे ६०० एकर जमीन, दक्षिण आणि मध्य मुंबईच्या ऐन पोटात.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम ५८ आला. गिरणी पाडून तिथे दुसरं काही बांधायचं असेल तर जमिनीचे तीन वाटे करायचे. साधारण एक तृतीयांश महापालिकेला मैदानं-बागांसाठी, साधारण एक तृतीयांश म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी आणि उरलेला मालकाला. भूखंडाच्या आकाराप्रमाणे टक्केवारी थोडी बदलायची. शहराच्या इतिहासात इतका न्याय्य नियम क्वचितच झाला असेल. त्यात एक वाट मात्र मोकळी होती. जुनं बांधकाम तसंच ठेवून त्याचा वापर बदलला तर काही द्यावं लागत नव्हतं. म्हणून मालक जमीन वाटायला पुढे आले नाहीत. जुन्या शेडमध्ये कचेऱ्या, दुकानं, खेळघरं सुरू झाली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस फिनिक्स मिलच्या आवारात बोलिंग अ‍ॅली उघडली, तेव्हा पलीकडच्या चाळींतले कामगार थकलेल्या देण्यांची वाट बघत होते.

या काळात प्रश्न विचारणारे कुणी नव्हते, असं नाही. मॉडर्न मिलमधले दत्ता इस्वलकर आणि त्यांच्या साथीदारांनी १९८९ मध्ये बंद गिरणी कामगार संघर्ष समिती स्थापन केली. संप मोडल्यावर, संघटना विखुरल्यावर, हातात काही नसताना त्यांनी उपोषणापासून सुरुवात केली. गिरणी चालू ठेवा, नसेल जमत तर देणी द्या, आणि या जमिनीवर आम्हाला घर द्या, अशा त्यांच्या मागण्या होत्या. कामगाराचा शहराच्या जमिनीवर हक्क आहे, हे इतक्या स्पष्टपणे त्यांच्याआधी कुणी मांडलं नव्हतं. इस्वलकर एप्रिल २०२१ मध्ये वारले. गिरणगावाच्या पुढाऱ्यांच्या यादीत लोखंडे आणि डांगे यांच्यानंतर त्यांचंच नाव घ्यावं लागेल.

१९९६ मध्ये सरकारने वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. त्यांच्यापुढे वस्त्रोद्योग महामंडळाच्या २५ गिरण्या होत्या. एकेक गिरणी सुटी न बघता सगळ्यांचा एकत्र आराखडा करावा, म्हणजे मोकळ्या जागा सलग मिळतील, असं त्यांचं म्हणणं होतं. अहवाल सादर झाला आणि कपाटात गेला.

मार्च २००१ मध्ये नियम ५८ दुरुस्त झाला. वाटणी करायची ती फक्त मोकळ्या जमिनीची, असं ठरलं. गिरणीच्या शेड, गोदामं, इमारती जितक्या जागेवर होत्या, ती जागा पाडापाडीनंतरही वाटणीच्या हिशेबाबाहेर राहिली. कापड गिरणी म्हणजे आवारभर पसरलेली एकमजली शेडच असते. समजा गिरणीची जमीन १५ एकर आहे आणि त्यातली १२ एकर बांधकामाखाली आहे. जुन्या नियमाने महापालिका आणि म्हाडाला मिळून १० एकर मिळाली असती. नव्या नियमाने उरलेल्या तीन एकरांतले दोन. एवढा फरक एका शब्दाने पडला.

त्या दिवशी कामगार मैदानावर सभा झाली नाही. गिरण्या बंद होत्या, त्यामुळे द्वारसभा घ्यायला दारच उरलं नव्हतं. शिवाय या दुरुस्तीत कामगारांसाठीही काही होतं. म्हाडाच्या वाट्यातून त्यांना घरं मिळणार होती आणि थकलेली देणी जमिनीच्या विक्रीतून मिळणार होती. वीस वर्षं वाट बघितलेल्या माणसाने विक्री अडवायची तरी कशी? त्याला दोष देण्यात अर्थ नाही. दोष आहे तो दादर-गिरगावच्या शिकल्यासवरल्या मध्यमवर्गाचा, ज्याला हा नियम वाचता येत होता. त्या वर्गाला गिरणी हा कामगाराचा प्रश्न वाटला, आपल्या शहराचा वाटला नाही. आणि दोष सर्वच पक्षांचा आहे. १९९१ ते २००६ या काळात राज्यात काँग्रेसचं, शिवसेना-भाजप युतीचं आणि काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीचं अशी सगळ्यांची सरकारं होऊन गेली. या नियमासाठी एकानेही रस्त्यावर ताकद लावली नाही.

न्यायालयात गेली ती बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अ‍ॅक्शन ग्रुप ही पर्यावरणाचं काम करणारी संस्था. निकाल लागण्याआधीच २००५ मध्ये वस्त्रोद्योग महामंडळाने पाच गिरण्यांचे लिलाव करून टाकले होते. लोअर परळची मुंबई टेक्स्टाइल मिल एकटी ७०२ कोटींना गेली. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने संस्थेच्या बाजूने निकाल दिला. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि २००१ ची दुरुस्ती कायम झाली. गिरणगावाचं भवितव्य त्या दिवशी कायद्याने ठरलं.

त्यानंतर काय झालं ते ना. म. जोशी मार्गावरून किंवा सेनापती बापट मार्गावरून जाणारा रोज बघतो. मनोरे उभे राहिले, हजारो कचेऱ्या आल्या, पण रस्ते गिरण्यांच्या काळातले, स्टेशनं गिरण्यांच्या काळातली. तिन्ही पाळ्यांत मिळून जितकी माणसं उतरायची, त्याहून कितीतरी अधिक आता सकाळच्या दोन तासांत उतरू लागली. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण मेले. त्याच वर्षी २९ डिसेंबरच्या मध्यरात्री कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या खाद्यगृहांना आग लागून १४ जण गेले. दोन्ही दुर्घटनांची तात्कालिक कारणं वेगवेगळी आहेत आणि त्यांची चौकशीही झाली. पण सलग मोकळ्या जागा, रुंद वाटा आणि एकत्र आराखडा नाकारून इतकी माणसं इतक्या थोड्या जागेत आणली गेली, याची चौकशी कुणी केली नाही.

आणि घरं? म्हाडाची गिरणी कामगारांसाठीची पहिली मोठी सोडत जून २०१२ मध्ये निघाली, ६,९२५ घरांची. पुढे २०१६ आणि २०२० मध्ये आणखी सोडती झाल्या. अर्ज होते दीड लाखाहून जास्त. कामगार म्हातारे झाले, अर्जावर वारसांची नावं आली. २०२४ मध्ये सरकारने शेलू आणि वांगणीला घरं देण्याचा निर्णय घेतला. लालबागपासून दोन तासांच्या लोकलवर. जुलै २०२५ मध्ये कामगार आणि वारस आझाद मैदानावर जमले आणि घर मुंबईतच हवं म्हणून बसले. सत्तरी-ऐंशीतली माणसं होती त्यांत. ज्यांच्या वाट्याची जमीन २००१ मध्ये एका शब्दाने गेली, त्यांना जागा नाही असं उत्तर मिळत आहे.

अशीच दुसरी जमीन शेजारी आहे. माझगाव, रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी या पूर्व किनाऱ्यावर मुंबई बंदराची शेकडो एकर जमीन पडून आहे किंवा गोदामांखाली आहे, आणि तिच्या विकासाचा आराखडा गेली काही वर्षं तयार होतो आहे. तिथे गोदी कामगारांच्या वसाहती आहेत, झोपड्या आहेत, दारूखान्यात जहाजं मोडणारे मजूर आहेत. बीडीडी चाळींचा पुनर्विकास चालू आहे, गिरगावच्या जुन्या चाळी एकेक करून पडत आहेत. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ नुसार आराखड्यात बदल करायचा तर सूचना प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती मागवाव्याच लागतात. त्या सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर येतात, मुदत थोडी असते. प्रत्येक चाळीच्या कमिटीने, गणेशोत्सव मंडळाने आणि गृहनिर्माण सोसायटीने ती वाचणारी दोन माणसं नेमावीत, मुदतीच्या आत लेखी हरकत नोंदवावी आणि सुनावणीला हजर राहावं. मंडळांकडे माणसं आहेत, जागा आहे, लाउडस्पीकर आहे. १९३८ मध्ये याहून कमी साधनांत हे काम झालेलं आहे.